आत काम करून राहिलो. थांबा.

सुरुवातीलाच क्षमा मागून ठेवतो. लेखन हा माझा प्रांत नव्हे. बत्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले, म्हणजे मुख्यतः इतरांनी लिहिलेले तपासले. स्वतः कधी एक पानही लिहून कोणाला दाखवले नाही. ज्याच्या हाती आयुष्यभर तांबडी शाई होती त्याने उतारवयात निळ्या शाईला हात घालावा, यात थोडा अगोचरपणा आहे याची मला जाणीव आहे. त्यातून ज्या गृहस्थांविषयी लिहायचे आहे, त्यांना शब्दांचा पसारा मुळीच आवडत नसे. कोणी काही विचारायला तोंड उघडले की ते म्हणत, "पह्यले हात लावा, मंग बोला." या लेखात मला हात लावण्याजोगे काही उरलेले नाही, म्हणून नुसतेच बोलतो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

त्यांना सगळे भाऊ म्हणत. मीही म्हणे. ते आमच्याच शाळेत आधी शिपाई आणि पुढे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पंचवीसेक वर्षे आम्ही एका छपराखाली काढली, पण त्या काळात आमच्यात पंचवीस वाक्यांची देवघेव झाली असेल असे वाटत नाही. दोष माझाच. मी शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात वह्यांच्या ढिगाआड बसणारा माणूस. मुख्याध्यापकांशीही मी गरजेपुरतेच बोलत असे. निवृत्तीनंतर आम्ही शहराच्या कडेला, बेसाला फ्लॅट घेतला, आणि गॅलरीत पहिल्याच सकाळी उभा राहिलो तेव्हा खाली, चारही बाजूंनी उठलेल्या सात-सात मजल्यांच्या मधोमध, टिनाचे छप्पर असलेली एक खोली दिसली. तिच्या दारात प्रयोगशाळेतला खाकी डगला घालून भाऊ दात घासत होते.

निवृत्तीनंतर भाऊ त्या खोलीत लोकांच्या मोटारी दुरुस्त करून देत. त्यांचे दार ठोठावून मात्र उपयोग नसे. त्यांचे बालपण कामठीला गेले. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि घराच्या भिंतीपलीकडेच दिवसरात्र मागांचा खडखडाट चाले. त्या आवाजाने त्यांच्या कानांचा बराचसा भाग नेला, आणि उरलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून मोटार तपासताना ते एक फूटभर लांबीची लाकडी पट्टी घेत, तिचे एक टोक मोटारीवर टेकवत आणि दुसरे दातांत धरत. मोटारीची गुणगुण दातांतून सरळ डोक्यात जाते, असे त्यांचे म्हणणे. पट्टी दातांत असताना त्यांना बोलता येत नसे आणि बाहेरचे ऐकूही येत नसे. मोबाइल तर बिस्किटांच्या डब्यात झाकण लावून ठेवलेला. लोक दार वाजवून, हाका मारून थकत आणि शेवटी घाबरून खिडकीतून डोकावत. आत भाऊ डोळे मिटून, दातांत पट्टी आवळून, टेबलावर ओणवे. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंना वाटले की यांना फिट आली. त्या धावत जाऊन कांदा फोडून घेऊन आल्या आणि खिडकीतून आरडाओरडा करू लागल्या. भाऊंनी यथावकाश डोळे उघडले, पट्टी काढली, कांद्याकडे पाहिले आणि विचारले, "मिरची नाही आनली?"

चहा ते प्रयोगशाळेतून निर्लेखित झालेल्या चंचुपात्रांतून देत. पाहुण्याला पन्नास मिलिलिटर, मित्राला शंभर. खूण काचेवरच असल्यामुळे आपला दर्जा माणसाला न विचारता कळे. मला पहिले कित्येक महिने पन्नास मिळाला.

आणखी एक सवय सांगितली पाहिजे. कोणतीही मोटार बंद करताना ते बटणाला हात लावण्यापूर्वी तिला सांगत, "बस वं आता." न सांगता वीज तोडणे त्यांना असभ्य वाटे. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यासमोर रोज सकाळी हात जोडून झाले की पहिली मोटार सुरू होई.

मी त्यांच्याकडे का गेलो, ते सांगायला मला आजही संकोच होतो. माझे अक्षर बरे होते. स्वतःविषयी एवढे एकच चांगले विधान मी करू शकतो. शाळेतले सुविचार, गुणवंतांच्या याद्या, निरोपसमारंभाची मानपत्रे सगळी माझ्या हातची. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, "काळजीचे कारण नाही, वयाचे कंपन आहे. पण वाढत जाईल." त्याच सुमारास माझ्या पाहण्यात आले की काही हौशी लोक घरच्या घरी एक लहानसे यंत्र जुळवतात. संगणकाने सांगितलेल्या रेषेवरून त्याचे पाते फिरते आणि लाकडात हुबेहूब ती रेषा कोरते. मी मनाशी बेत केला: ज्या दिवशी हात स्थिर असेल त्या दिवशी अक्षर कागदावर काढून ठेवायचे, त्याचे छायाचित्र संगणकाला द्यायचे, म्हणजे पुढे हात गेला तरी अक्षर लाकडात उतरत राहील. हे मी कोणालाच सांगितले नव्हते, पत्नीलाही नाही. तिला सांगितले की वेळ जात नाही म्हणून छंद लावून घेतो आहे.

अशा यंत्राला तीन मोटारी लागतात. एक पाते डावीउजवीकडे नेणारी, एक पुढेमागे, एक खालीवर. त्यांना स्टेपर म्हणतात. पंख्याच्या मोटारीसारखी ती भिरभिरत नाही. एका फेऱ्यात मोजून दोनशे पावले टाकते आणि सांगाल त्या पावलावर थांबते. बाजारात त्या सतरा नंबर, तेवीस नंबर अशा नावांनी मिळतात. मी पडलो मास्तर. सतरापेक्षा तेवीस गुण केव्हाही चांगले, म्हणून तेवीसच्या तीन मागवल्या. प्रत्येक मोटार किलोभर वजनाची. पिशवी उचलून भाऊंच्या दारात गेलो आणि, ठोठावण्यात अर्थ नाही हे माहीत नसल्याने, वीस मिनिटे ठोठावत उभा राहिलो.

"या गुर्जी," शेवटी दार उघडून ते म्हणाले. शाळेत मला सगळे सर म्हणत. गुर्जी म्हणणारे भाऊ एकटेच. पिशवीत डोकावून त्यांनी विचारले, "किती नंबर?"

"तेवीस."

"कायचे तेवीस?"

मी चाचरत म्हणालो, "ताकदीचे असावेत."

"तोंडाचे हायत जी. मोटारच्या तोंडाचं माप हाय थे, दोन पॉइंट तीन इंच. तोंड मोठं म्हून काम मोठं राहते काय? आपले हेडमास्तर नाही पाह्यले तुमी?"

मी हसलो, आणि हसल्याबद्दल लगेच इकडेतिकडे पाहिले. भाऊंनी एक मोटार तळहातावर तोलली. "ही कोनाच्या डोक्यावर बसनार?"

मी यंत्राचा नकाशा दाखवला. खालीवर नेणारी मोटार पात्यासोबत सरकत्या गाड्यावरच बसते.

"म्हंजे लाकूड कापाच्या आंधी बाकीच्या दोघी हिलेच ओढून राहिल्या. बंडी तुमची सायकलची, अन् बैल बंडीतच बसून राहिले. वापस करा."

मी वापस केल्या. त्यानंतर पंधरा दिवस भाऊंनी मला कोणतीही मोटार घेऊ दिली नाही. आधी म्हणे भार समजला पाहिजे. त्यांनी प्रयोगशाळेतला जुना स्प्रिंगचा काटा काढला, माझ्या अर्धवट जुळलेल्या यंत्राच्या गाड्याला अडकवला, पाते सागवानाच्या फळीत टेकवले आणि मला ओढायला लावले. "किती जोर लागून राहिला, वाचा." मी आकडा वाचला. "आता त्याच्या दुप्पट धरा. लग्नाच्या पत्रिका शंभर असल्या तं पानं दोनशे मांडाच लागतेत. लाकडात गाठ येते, थे सांगून येत नाही." अशा रीतीने ठरले की सतरा नंबरच पुरे, दोन मोटारी लांब अंगाच्या, आणि जी स्वतःच ओझे होऊन बसणार ती आखूड. तीन मोटारी निवडायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आमच्या समोर एका इमारतीचा एक मजला चढला.

मोटारी आल्या त्या दिवशी भाऊंनी एक जोडली, आणि माझे बोट धरून तिच्या दांड्यावर ठेवले. "आता हे दांडा धरून ठेवन. तुमी फिरवून पाहा."

मी चिमटीत दांडा पकडला. तो हलेना. पोलादाची ती काडी जागच्या जागी इतकी निश्चल होती की तिच्यावर ठेवलेली माझी बोटे किती थरथरत आहेत ते मला त्या दिवशी प्रथमच नीट दिसले. भाऊंनाही दिसले. त्यांनी शांतपणे पट्टी उचलली, दातांत धरली, दुसरे टोक मोटारीवर टेकवले आणि डोळे मिटून घेतले. ती मोटार त्यांनी पाच मिनिटांपूर्वीच तपासली होती. मला हात काढून घ्यायला वेळ मिळावा म्हणून ते पुन्हा तपासत होते.

दुसऱ्या दिवशी चहा ओतताना त्यांनी विचारले, "फळ्यावरचं अक्षर कुठं कागदावर लिवून ठेवलं काय, गुर्जी?"

मी चहाचे पात्र उचलले.

"शिपाई होतो तवा सात वर्स मी फळे पुसले. तुमचा फळा सगळ्यात शेवटी पुसो. जीवावर ये."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अक्षराविषयी कोणी असे बोलले नव्हते. मी चहा सांडला. तो हाताच्या कंपामुळे सांडला असे भाऊंनी समजावे, अशी माझी इच्छा होती.

त्याच आठवड्यात मी घाबरून त्यांच्याकडे धावत गेलो. यंत्राला वीज दिली होती, पाते हलवले नव्हते, तरी दहा मिनिटांत मोटारीला हात लावता येईना. "बिघडली, भाऊ," मी म्हणालो. "काहीच करत नाही आणि तापते."

"काहीच करत नाही?" भाऊ खरोखर दुखावले. "धरून राहिली न जी थे!"

"पण फिरत तर नाही."

"फिरत नाही म्हून तं! फिरनं सोपं हाय. वर्गात परीक्षेच्या टायमाले तुमी तीन तास नुसते उभे राहात होते. कोन्या पोरानं कापी नाही कराव म्हून. काही करत होते काय? मंग संध्याकाळी पाय काहून दुखत?"

'धरून राहिली.' असे शेकडो 'राहिलो' आणि 'राहिली' मी मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईने खोडले होते. 'मी जेवण करून राहिलो' यावर रेघ, वर 'मी जेवत आहे'. परतताना जिन्यावर मी मनातल्या मनात शुद्ध वाक्य म्हणून पाहिले: 'मोटार धरत आहे.' ते ऐकून वाटले की मोटारीने आत्ताच काहीतरी पकडायला घेतले आहे. ती मघापासून, न हलता, स्वतः तापत, सगळा गाडा जागच्या जागी सांभाळून उभी होती, ते त्या वाक्यात कुठेच नव्हते. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. माझ्या भाजलेल्या बोटाला मात्र ते पटत नव्हते.

यंत्र उभे राहिले. पहिला शब्द मी कोरायला घेतला तो 'कमळ', कारण पहिल्या इयत्तेत तोच असतो. भाऊंनी बजावलेल्या गतीने 'क' उत्तम झाला. 'म'ला मला धीर धरवेना; गती दुप्पट केली. मोटार क्षणभर किंचाळली आणि पुढे निघाली. दहा मिनिटांनी पाहतो तो 'ळ' जाऊन 'म'च्या डोक्यावर बसलेला. यंत्राला याचा पत्ताही नव्हता. पडद्यावर काम बिनचूक पूर्ण झाल्याची सूचना आली होती.

भाऊंनी फळीवरून अंगठा फिरवला. "स्टेपरचा हाच ऐब हाय. पाऊल चुकलं तं तिले कळत नाही. थे आपली मोजूनच राहिली. चाल वाढवली का जोर कमी होते, गुर्जी. एकाच मोटारले दोन्ही मागाचे नाही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमाले कायची घाई हाय?"

"आहे, भाऊ," मी म्हणालो. "हात जातो आहे. तो जाण्याआधी अक्षर काढून ठेवायचे आहे."

हे मी प्रथमच मोठ्याने म्हटले होते.

"मालूम हाय," भाऊ म्हणाले. त्यांनी चंचुपात्र घेतले आणि शंभराच्या खुणेपर्यंत चहा ओतला.

या सगळ्या खटाटोपाबद्दल त्यांनी एकच गोष्ट मागितली. "मले एक पाटी द्या दारावर लावाले. तुमच्या अक्षरात. रंगवलेली नाही पाह्यजे, कोरलेली." रंगवलेली का नको, असे मी विचारले तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांना वाचता येत नव्हते. पोरगा शाळेत जाऊ लागल्यावर ते संध्याकाळी त्याची पाटी मांडीवर घेऊन पेन्सिलीच्या ओरखड्यांवरून बोट फिरवत बसत. अक्षर पुसले जाई आणि बोट पांढरे होई. "बापानं म्हनलं होतं, अक्षर असं पाह्यजे का हात लावला तरी पुसलं नाही गेलं पाह्यजे." मजकूर त्यांनी तिथेच सांगितला: "आत काम करून राहिलो. थांबा."

आता माझ्या हातून जे झाले ते कबूल करतो. त्या दिवसांत हात बरा होता. मी बोरू घेतला, आणि बत्तीस वर्षांची सवय बोटांत उतरली. मी लिहिले: 'आत काम चालू आहे. कृपया थांबावे.' मला वाटले, मी त्यांच्यावर उपकारच करतो आहे. दारावर लागणार, चार लोक वाचणार. यंत्राने ते मंद गतीने सागवानात सुरेख कोरले. एकही पाऊल चुकले नाही. मी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलो.

भाऊंनी आधी बोट फिरवले, मग वाचली. "अक्षर थेच हाय," ते म्हणाले आणि बराच वेळ 'थ'च्या गाठीवर बोट ठेवून बसले. "पन ही पाटी मले नाही चालत, गुर्जी."

"का? शुद्ध आहे."

"हे तं खोदलेल्या रस्त्यावर लिवलेलं राहते. 'काम चालू आहे.' आपल्या चौकात दोन वर्सापासून पाटी हाय. तथी कोनी काम करून राहिलं काय? एक कुत्रं झोपून राहिलं." मग पुढच्या वाक्यावर बोट ठेवून, "अन् 'कृपया थांबावे' म्हंजे तं हापिस. मानूस थांबून थांबून म्हातारा होते. मी आत खरंच काम करून राहिलो न जी!"

मी खाली मान घातली. तेवढ्यात ते हसून म्हणाले, "दुसऱ्यांदा केलं तुमी."

मला आठवेना. त्यांना आठवत होते. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी एकदा खडूने लिहिले होते, 'प्रयोग चालून राहिला.' मी तासाला जाताजाता खिशातला खडू काढून ते खोडले होते आणि खाली लिहिले होते, 'प्रयोग चालू आहे.' लिहिणाऱ्याला विचारले नव्हते. तो दाराआडच उभा होता. "थे मी दोन वर्स पुसलं नाही," भाऊ म्हणाले. "बात गलत होती. पन अक्षर भारी होतं."

मी दुसरी पाटी करून देण्याचे वचन दिले, आणि नेमका त्यानंतर हात वेगाने बिघडला. वरणाचा चमचा तोंडापर्यंत भरलेला पोहोचेना. जुन्या पाटीतलीच अक्षरे उचलून नवी जुळवावी म्हणून मी संगणकावर बसलो. 'आत', 'काम' आणि 'थांबा' तिथून मिळाले. पण त्या शुद्ध पाटीत 'र' कुठेच नव्हता. र नाही तर 'करून' नाही, 'राहिलो' नाही. दोन महिने मी भाऊंच्या दारावरून मान खाली घालून जात असे. एके दिवशी त्यांनी बाहेर येऊन मला अडवले.

"पाटी?"

"भाऊ, हात राहिला नाही. दोन शब्द लिहायचे आहेत आणि ते लिहिता येत नाहीत. वेडेवाकडे होईल."

भाऊंनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मोटार तोलावी तसा घेतला. तो त्यांच्या हातांतही थरथरतच होता.

"हालते तं हालू दे न गा," ते म्हणाले. "लिही."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे मान द्यायचा त्याला 'जी' म्हणतात आणि आपला मानायचा त्याला 'गा'. इतक्या वर्षांत भाऊंनी मला 'जी'खेरीज हाक मारली नव्हती.

मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, 'करून राहिलो' एवढे लिहिले. यंत्राने ते कोरले. यंत्राला दुरुस्त्या करता येत नाहीत. प्रत्येक थरथर त्याने दोनशे पावलांच्या हिशेबाने, अत्यंत स्थिरपणे सागवानात उतरवली. पाटीवर 'आत काम' सरळ आहे, 'थांबा' सरळ आहे, आणि मधले दोन शब्द वाऱ्यावर धरलेल्या दोऱ्यासारखे आहेत. भाऊंनी डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवले. प्रत्येक लाटेवर बोट अडले. "आता बराबर हाय," ते म्हणाले आणि हातोडी शोधू लागले.

ती पाटी वर्षभर उत्तम चालली. लोक येत, वाचत, हसत आणि दाराशी ठेवलेल्या फरशीवर बसून राहत. कांद्याच्या बाईदेखील बसत. भाऊ काम संपवून, मोटारीला बसायला सांगून, मगच दार उघडत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दहाच्या सुमारास मी गेलो. दार ओढून घेतलेले होते. पाटी वाचायची मला गरज नव्हती, तरी वाचली. दाराला कान लावला. आतून मोटारीची बारीक गुणगुण येत होती. फिरण्याची नव्हे, धरून राहिल्याची. एव्हाना मला तो फरक कळू लागला होता. भाऊ कामात आहेत हे समजून मी फरशीवर बसलो. ऊन छान होते. मी पाऊण तास थांबलो.

मग कामठीहून त्यांची मुलगी डबा घेऊन ऑटोने आली. "काका, बाहेर काहून बसले?" म्हणत तिने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडले. भाऊ स्टुलावर बसलेले होते, डोके टेबलावर टेकलेले, पट्टी हातात. डॉक्टर म्हणाले की सकाळी सातच्या आसपासच सगळे आटोपले असावे, मी थांबलो नसतो तरी काही फरक पडला नसता. हे त्यांनी मला दोनदा सांगितले; बहुधा माझा चेहरा पाहून.

त्या गडबडीत टेबलावरची स्टेपर मोटार चालूच होती. तिचा दांडा तसाच निश्चल होता आणि अंग तापून लाल व्हायचे बाकी होते. मुलगी रडत रडत म्हणाली, "काका, हे बंद कसं करू?" मी पुढे झालो. बटण मला दिसत होते, पण हात लगेच गेला नाही. मी हळूच म्हणालो, "बस वं आता." माझ्या तोंडून असे वाक्य निघाल्याचा तो पहिलाच प्रसंग. मग बटण दाबले आणि गुणगुण थांबली.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांच्याकडून मोटारी दुरुस्त करून घेतलेले इतके लोक आले की सतरंज्या कमी पडल्या. खोली बंद आहे. मुलीने त्यातले काही हलवलेले नाही. काल तिचा फोन आला.

"काका, लोक अजून येऊन राहिले. ज्याइले मालूम नाही थे पाटी वाचतेत अन् फरशीवर बसतेत. परवा एक मानूस मिक्सर घेऊन दीड तास थांबून राहिला, शेजारच्या बाईनं सांगितलं. मले कसंतरी होते. काढू का पाटी?"

मी विचार करून उद्या सांगतो म्हणालो, आणि रात्रभर त्या तीन शब्दांवरच अडलो आहे. 'काम करून राहिलो.' भाऊंच्या बोलीत वाचले तर तो आत बसलेला, हात गुंतलेला माणूस आहे, आणि ही गोष्ट आता खरी नाही. मी आयुष्यभर शिकवलेल्या मराठीत वाचले तर 'राहिलो' हा भूतकाळ आहे: काम केले, आणि राहिलो. तेव्हा ती खोटीही म्हणता येत नाही. पुढचा 'थांबा' मात्र दोन्ही भाषांत सारखाच आहे, आणि त्याचे मी काय करावे ते मला समजत नाही. मी स्वतः त्याचे ऐकून पाऊण तास बाहेर बसलो होतो. शिवाय त्या पाटीवरचे मधले दोन शब्द हे माझ्या हातचे शेवटचे अक्षर आहे. त्यानंतर मी लिहिलेले नाही. हा लेखही बोटाने अक्षरे दाबून उतरवला आहे. त्यामुळे या प्रश्नाचा निवाडा माझ्याकडून निःपक्षपातीपणे होईल, असे मला वाटत नाही.

तिला आज उत्तर द्यायचे आहे. ती पाटी काढावी, की राहू द्यावी?